मोहाडी ते ऑकलंड, व्हाया भाऊरावांचे घर

विमानाचे तिकीट काढायला येणारा माणूस भाडे नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टाइम लागते?" प्रश्न साधा आहे. त्याचे खरे उत्तर देणाऱ्या एजंटाचे गिऱ्हाईक मात्र समोरच्या दुकानात जाते.

मोहाडीत तहसील कार्यालयाच्या रस्त्यावर माझे तिकिटांचे काउंटर होते. आता ते भाचा चालवतो. रेल्वेचे आरक्षण, पासपोर्टचे अर्ज, झेरॉक्स, आणि भिंतीवर विमानाचे एक मोठे चित्र. त्या चित्राकडे बराच वेळ पाहून बहुतेक लोक पुण्याचे रेल्वे तिकीट मागत. त्याआधी काही वर्षे मी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. तिथे वेळ चुकली की पान अडायचे, इथे माणूस अडतो. बाकी काम सारखेच. दुसऱ्याचे नाव बरोबर लिहायचे आणि चूक निघाली की शिव्या आपण खायच्या.

आमच्या भागाने प्रवास एसटीकडून शिकला आहे. एसटीचे भाडे टप्प्यावर असते. जितके लांब, तितके जास्त. त्यामुळे नागपूर-मुंबईपेक्षा नागपूर-बंगलोर स्वस्त निघाले की गिऱ्हाईक माझ्याकडे चोराकडे पाहावे तसे पाही. लाखांदूरच्या एका शेतकऱ्याने मुंबईचे तिकीट हातात घेऊन विचारले होते, ऊन कोणत्या बाजूने येईल. दुपारच्या एसटीत बसणारा प्रत्येक जण हे आधी पाहतो. मी हसलो आणि मग लक्षात आले की मला उत्तर माहीत नाही. नकाशा काढून पाहिले आणि त्याला उजवीकडची जागा दिली. परत आल्यावर तो म्हणाला, डावीकडचे सगळे भाजून निघाले. धंद्यात इतके निर्भेळ यश क्वचित मिळते.

तर वेळ. इंटरनेटवर अशी पाने असतात, ज्यांत कोणतेही दोन विमानतळ टाकले की मधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ मिळतो. ही पाने पृथ्वीच्या गोलावर एक रेघ ओढतात, तिची लांबी मोजतात आणि विमानाच्या सरासरी वेगाने भागतात. त्या रेघेवरून एखादे विमान खरोखर जाते का, याच्याशी पानाला देणेघेणे नसते. नागपूर ते ऑकलंड टाका. बारा हजार किलोमीटरच्या थोडे आत, चौदा तास. नागपूरहून ऑकलंडला कोणतेही विमान जात नाही. चौदा तासांचा हा हिशेब पाखराचा आहे, आणि तेही न थकणाऱ्या पाखराचा.

हे पान मोबाइलवर उघडून गजाननराव निखारे माझ्या काउंटरवर आले. मोहाडीतले जुने विणकर कुटुंब. स्वतः हातमागावर बसलेले, नंतर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा व्यापार. मी काढून दिलेले तिकीट त्यांनी मोबाइलशेजारी ठेवले. तिकिटाप्रमाणे त्यांची पत्नी शकुंतलाबाई रविवारी सकाळी नागपूरहून निघून मंगळवारी दुपारी ऑकलंडला उतरणार होत्या.

"चवदा तासाचं अंतर हाये," ते म्हणाले. "तुमी तिले कायले फिरवून राहिले भाऊ?"

मी सांगितले. आधी मुंबई, मग रात्रीचे विमान सिंगापूरला. सिंगापुरात दिवसभर थांबायचे, कारण पुढच्या विमानात त्याआधी जागा नाही. वर ऑकलंडचे घड्याळ त्या महिन्यांत आपल्यापुढे साडेसात तास असते. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या घड्याळाने छापतात, त्यामुळे जाताना प्रवास आहे त्याहून लांब दिसतो आणि येताना आखूड. येतानाचे ऐकून ते जरा सुखावले. जातानाचे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. भंडाऱ्याला जायला निघालेल्या माणसाला कंडक्टरने तुमसर दाखवून आणावे, तसा माझा व्यवहार त्यांना वाटत होता.

शकुंतलाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या आणि त्याचे त्यांना काही वाटत नव्हते. त्यांचा एकच प्रश्न होता: बुधवारच्या सकाळच्या आत पोहोचते का?

बुधवारी सकाळी ऑकलंडच्या रुग्णालयात त्यांच्या मुलीचे, वर्षाचे, सिझेरियन ठरले होते. दुसरी खेप होती. पहिल्या खेपेचे बाळ जन्मले ते रडलेच नाही. तेव्हा शकुंतलाबाईंचा पासपोर्ट तयार नव्हता. "मांगच्या बारीले मी फोनवर होती," त्या म्हणाल्या. "या बारीले फोनवर राहात नाई."

पोहोचता, मी म्हणालो. मंगळवार दुपार म्हणजे एका रात्रीची सवड होती. एक विमान चुकले तर ती संपत होती, कारण पुढच्या जागा थेट गुरुवारी पोहोचणाऱ्या होत्या. तिकीट देताना मी प्रत्येकाला सांगायचो तेच त्यांनाही सांगितले: सगळ्यात महत्त्वाची वस्तू पासपोर्ट. कपडे विसरा, औषध विसरा, नवऱ्याला विसरा, पासपोर्ट विसरू नका.

यानंतर तिकिटाची तपासणी वरच्या कार्यालयात गेली. गजाननरावांची थोरली बहीण कौसल्याबाई, सगळ्यांची आक्का, लाखांदूरला राहते. ती एसटीने मोहाडीला आली आणि भावाला घेऊन माझ्यापुढे बसली. तिची हरकत किलोमीटरवर नव्हती, दिशेवर होती. पंचांगात प्रत्येक वाराला एक दिशा वर्ज्य असते. रविवारी पश्चिम. मोहाडीहून नागपूर पश्चिमेला आणि नागपूरहून मुंबईही पश्चिमेला. सोमवारी पूर्व वर्ज्य, आणि सोमवारी रात्री विमान सिंगापूरहून पूर्वेकडे निघणार होते.

"दोन्ही दिवशी उलटं," आक्का म्हणाली. "असं तिकीट शोधून काढाले तुमाले मेहनत लागली असन."

रविवारी पूर्वेला आणि सोमवारी पश्चिमेला नेऊन मंगळवारी ऑकलंडला पोहोचवणारे विमान कोणत्याही कंपनीकडे नव्हते. मी तसे सांगितले. आक्काला ते अपेक्षितच असावे. तिच्याकडे तोडगा तयार होता. प्रस्थान ठेवायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाची एक पुरचुंडी बांधून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी ठेवतात. तांदूळ, सुपारी, हळकुंड, रुपया आणि प्रवासात नेण्याची एखादी वस्तू. पुरचुंडी घराबाहेर पडली की प्रवास सुरू झाला असे धरतात. मग माणूस वाईट दिवशी निघाला तरी तो निघालेला नसतो. तो आधीच गेलेला असतो, फक्त मागे राहिलेला असतो. एअरलाइनच्या नियमांशी तुलना केली तर हा नियम जास्त सुटसुटीत आहे. अट एवढीच की पुरचुंडी परत घरात आणायची नाही. निघताना वाटेत उचलायची.

गुरुवार चांगला निघाला. भंडारा रोडवर, गावाच्या पश्चिम टोकाला भाऊराव राहत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, गजाननरावांचे बालमित्र, घरी एकटेच. त्यांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि देवाच्या वरच्या खुंटीला टांगली. हे सगळे मला नंतर कळले. प्रवासात नेण्याची वस्तू म्हणून गजाननरावांनी पुरचुंडीत काय घातले, तेही नंतरच कळले. साडी घाला म्हणे कोणी, चपला घाला म्हणे कोणी. त्यांनी माझे वाक्य प्रमाण मानले आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू घातली.

रविवारी उजाडता उजाडता त्यांचा फोन आला. गाडी भाऊरावांच्या दारात उभी होती आणि दाराला कुलूप होते.

मी स्कूटरवर पोहोचलो तेव्हा शकुंतलाबाई ओट्यावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरून निघालेल्या माणसाने परत जायचे नसते, त्यामुळे त्यांचा मुक्काम आता भाऊरावांच्या ओट्यावर होता. भाऊराव शनिवारी आंबागडला मंडईला गेले होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे बोलावतात, दंडार नाचतात, रात्रभर नाटक चालते. पहाटेच्या गाडीने परत येतो असे ते शेजारी सांगून गेले होते. आंबागडला डोंगराखाली फोन लागत नाही. गजाननरावांचा पुतण्या मोटारसायकलने निघाला होता. तासाभराने तुमसरहून त्याचा फोन आला. नाटक चांगले झाले होते, आणि भाऊराव पाहुण्यांना गड दाखवायला वर गेले होते. किल्ली त्यांच्या खिशात होती, खिसा गडावर होता, आणि विमान साडेनऊला होते.

शकुंतलाबाई म्हणाल्या, कुलूप तोडा. ड्रायव्हरही तेच म्हणत होता. गजाननरावांनी आक्काला फोन लावला. आक्काने निर्णय दिला की कुलूप तोडून काढलेले प्रस्थान हे प्रस्थान नसते, चोरी असते.

"तिले विचारता कायले?" शकुंतलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "ते जाऊन राहिली का मी जाऊन राहिली?"

गजाननराव दगड हातात घेऊन उभे राहिले आणि दगड खाली ठेवून बसले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या फोनच्या वेळी घरात तेही होते. एकही अपशकुन त्यांना परवडणार नव्हता. उशीरही परवडणार नव्हता.

शेजारी महादेव राहतो, तलावात मासेमारी करणारा ढीवर. तो पहाटेची मासोळी टोपल्यात घेऊन परतत होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, मग घराच्या छपराकडे पाहिले. छप्पर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, होते. "खुटी कोन्या अंगाले हाये?" त्याने विचारले. देवाच्या वर, असे उत्तर मिळाल्यावर तो घरात गेला आणि बांबूला बांधलेली गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन आला.

पुन्हा आक्काला फोन. कवेलू काढून वरून घेतले तर चालेल का?

"वरून चालते," आक्का म्हणाली. "नाईतरी ते वरच जाऊन राहिली."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक विमानांचे एकच तिकीट असते तेव्हा पहिल्या विमानाला माणूस आला नाही, तर कंपनीचा संगणक असे धरतो की माणूस प्रवासच करणार नाही, आणि पुढची सगळी विमाने रद्द करतो. मुंबईचे विमान रात्री असले, तुम्ही धावतपळत मुंबई गाठली, तरी तिथे तुमचे नाव नसते. वाचायचा मार्ग एकच. पहिले विमान उडण्याआधी कंपनीला कळवून मुंबईपर्यंतचा टप्पा पुढच्या विमानात बदलून घ्यायचा. त्या दिवशी दुपारी नागपूरहून मुंबईला आणखी एक विमान होते. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ओट्यावर बसलो.

पुढचा काही वेळ भाऊरावांच्या अंगणात पियानो वाजत होता. मध्येच एक बाई हिंदीत सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. छपरावर महादेव पोटावर झोपून भोकातून गरी सोडत होता. गाडीचा ड्रायव्हर त्याचे पाय धरून बसला होता. गजाननराव खाली उभे राहून मोबाइलच्या उजेडाने खिडकीच्या फटीतून खुंटी दाखवत होते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून, कारण न विचारता, डावीकडे-उजवीकडे सुचवत होता. पहिल्या खेपेला गरीला भाऊरावांचा शर्ट लागला. दुसऱ्या खेपेला गणपतीची तसबीर हलली, तेव्हा महादेवने गरी वर घेतली, हात जोडले आणि पुन्हा सोडली.

पियानो थांबला. कंपनीची खरी बाई आली. प्रवासी सकाळच्या विमानाला का येऊ शकत नाही, असे तिने विचारले. मी म्हणालो, कागदपत्रे एका बंद घरात आहेत. ती मिळायला किती वेळ लागेल, असे तिने विचारले. मी वर पाहून तेच महादेवला विचारले.

"मासा सांगते का भाऊ, मी इतक्या वाजता लागन म्हनून?" महादेव म्हणाला.

मी बाईंना हिंदीत सांगितले, लवकरच. त्यांनी शकुंतलाबाईंना दुपारच्या विमानात टाकले. पुढची विमाने तशीच राहिली. मी बाईंना तीनदा तेच विचारले आणि त्यांनी तीनदा तेच उत्तर दिले. डेस्कवरच्या सवयी जात नाहीत.

पुरचुंडी वर आली तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. महादेवने ती हाताने न देता गरीला लागलेलीच खाली सोडली. शकुंतलाबाईंनी ती पदरात घेतली, गाठ सोडली आणि पासपोर्ट मला दाखवला. फोटोच्या पानाचा कोपरा पिवळा झाला होता. हळकुंडाच्या सोबत कोणीतरी हळदीची चिमूट घातली होती. मी कोरड्या रुमालाने पुसता येईल तेवढे पुसले. नाव, क्रमांक, चेहरा स्पष्ट होते. चेहऱ्याला किंचित नवरीची छटा आली होती.

तांदूळ इथेच काढून ठेवा, असे मी म्हणालो. न्यूझीलंडमध्ये धान्य, बी, पान, काहीही लपवून नेले तर दंड करतात. तिथली शेती रोगांपासून वाचवायला हे नियम आहेत. त्यांनी मान हलवली, पुरचुंडीची गाठ पुन्हा मारली आणि पर्समध्ये ठेवली. हे तांदूळ मुलीच्या घरच्या भातात पडायला हवेत, असे आक्काने सांगितले होते. मग विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे 'होय' लिहा, एवढे तरी मी कबूल करून घेतले. गाडी निघाली. गजाननराव नागपूरपर्यंत गेले.

भाऊराव दुपारी आले. त्यांनी कुलूप उघडले, आत गेले आणि छपरातून आलेले ऊन पाहून बाहेर आले. कवेलूंचे त्यांना काही वाटले नाही. आपल्या हाताने प्रस्थान देता आले नाही, याचे त्यांना लागले. "मी लॉक करून गेलो ते त्या पुरचुंडीसाठीच ना," ते म्हणाले. संध्याकाळी गजाननराव नागपूरहून परतले आणि दोघांनी मिळून कवेलू बसवले. त्यात बरीचशी भांडणे झाली. ती सगळी कवेलू कसे बसवायचे यावर होती.

सोमवारी सिंगापूरहून एक निरोप आला. मुंबईच्या अधिकाऱ्याने पासपोर्टच्या पिवळ्या कोपऱ्यावर बोट फिरवले, बोट पाहिले आणि शिक्का मारला. त्यानंतर काहीच कळले नाही. विमानातल्या माणसाचा फोन बंद असतो, हे गजाननरावांना दहा वेळा सांगून झाले. मंगळवारी सकाळी भाच्याने दुकानाचे शटर उघडले तेव्हा ते पायरीवर बसले होते. हातातल्या मोबाइलवर विमानांचा नकाशा होता. विमान केव्हाच उतरलेले होते, तरी ते त्याच्याकडे पाहत होते. घरी आक्का होती, त्यामुळे ते इथे आले होते.

मोबाइलवर आता सगळे दिसते. लोक तिकिटेही त्यावरच काढतात. काउंटरवर येऊन वेळ विचारणारे जवळपास संपले. चूक झाली की येतात. भाच्याला त्याचे काही वाटत नाही. मला वाटते, पण त्याला उपाय नाही. त्या मंगळवारी मात्र मोबाइलला सांगता येण्यासारखे काही नव्हते. मी चहा मागवला.

दहाच्या सुमारास शकुंतलाबाईंचाच फोन आला, जावयाच्या मोबाइलवरून. त्यांनी कार्डावर 'होय' लिहिले होते. अधिकाऱ्याने पुरचुंडी टेबलावर सोडली, सुपारी नाकाजवळ नेली आणि हे काय म्हणून विचारले. बाईंना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी "राइस, गॉड" एवढे सांगितले. त्याने तांदूळ, सुपारी आणि हळद एका पिशवीत टाकून ठेवून घेतली, फडके घडी करून परत दिले आणि त्यावर रुपया ठेवला.

"रुपया वापस देल्ला," त्या म्हणाल्या. "मानसं इमानदार हायेत."

मग त्यांचा आवाज बदलला. त्या दवाखान्यातूनच बोलत होत्या. वर्षाचे बीपी दुपारपासून वाढत होते. बुधवारची वाट पाहायची नाही, आज रात्रीच ऑपरेशन करायचे, असे डॉक्टरांनी ठरवले होते. आत एकालाच सोडणार होते. जावई आत जायला तयार होता. वर्षाने आई मागितली होती. त्यांनी फोन बंद केला.

गजाननरावांनी तिकीट खिशातून काढून काउंटरवर सरळ केले, दुमडले, पुन्हा सरळ केले. लांबच्या प्रवासाचे इतके हिशेब मी लोकांना दिले. एका बंद दारापाशी किती वेळ लागतो, हे सांगायची सोय कोणत्याही पानावर नव्हती. भाचा एका जोडप्याचे पुण्याचे तिकीट काढत होता. त्याने त्यांना थांबायला सांगितले. ती दोघे बाकावर बसून राहिली.

फोन पुन्हा वाजला तेव्हा गजाननरावांनी तो भाच्यापुढे सरकवला. भाच्याने उचलला आणि स्पीकर लावला. पलीकडे भांड्यांसारखा काही आवाज, एका बाईचे इंग्रजी, आणि त्या सगळ्याच्या वर एक बाळ रडत होते. जोरात, रागाने, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. बाकावरचे जोडपे उठून उभे राहिले.

शकुंतलाबाईंनी फोन बराच वेळ तसाच धरला होता. मग त्यांचा आवाज आला.

"ऐकलं का? पोरगी हाये. आता ठेवा, मले काम हाये."